पुस्तक मुलाला स्वतः सापडले पाहिजे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शालेय ग्रंथालयांचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा पुस्तकांच्या संख्येवर येऊन थांबते. अमुक शाळेत इतके हजार ग्रंथ आहेत, तमुक शाळेला इतकी कपाटे मिळाली, असे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याचे समाधान होते. त्या हजारांपैकी किती पुस्तके गेल्या वर्षभरात एखाद्या मुलाच्या दप्तरातून घरी गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. शालेय ग्रंथपाल म्हणून दीर्घकाळ काम करून मी आता निवृत्त झाले आहे. या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहावे असे मला वाटते, कारण त्याचे उत्तर पैशापेक्षा मांडणीत अधिक आहे आणि मांडणी बदलणे बऱ्याच अंशी ग्रंथपालाच्या हातात असते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा आला आणि दारातूनच त्याने विचारले, "बाई, सापाचं पुस्तक आहे का?" सापांवरची तीन पुस्तके आपल्याकडे आहेत, हे मला पक्के ठाऊक होते. परंतु आमची पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली होती, म्हणजे जे पुस्तक ज्या क्रमाने शाळेत आले त्या क्रमाने ते कपाटात जाऊन बसले होते. त्यामुळे सापांवरचे एक पुस्तक व्याकरण आणि नाटक यांच्या मध्ये होते, दुसरे दोन कपाटे पलीकडे एका चरित्राला टेकून उभे होते, आणि तिसरे कोठे असेल ते नोंदवही उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हते. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन पहिले कपाट उघडले, दुसऱ्याचे कुलूप अडकले, तेवढ्यात घंटा झाली. मुलगा "राहू दे बाई" म्हणून पळाला. तो प्रश्न घेऊन तो पुन्हा कधी आला नाही.

दाखल नोंदवही आवश्यकच आहे. कोणते पुस्तक कधी आले, कोठून आले, त्याची किंमत काय आणि ते आज आहे की नाही, याचा तो हिशेब आहे आणि तो चोख असलाच पाहिजे. पण नोंदवहीचा क्रम हा हिशेब तपासणाऱ्याच्या सोयीचा क्रम आहे. कपाटातील फळीने त्याची नक्कल करण्याचे काहीच कारण नाही. मुलाला पुस्तक कोणत्या साली आले याच्याशी कर्तव्य नसते, ते कशाविषयी आहे याच्याशी असते. ज्या ग्रंथालयांत आजही पुस्तके दाखल क्रमांकाने लागलेली आहेत, तेथे पहिली सुधारणा हीच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवे फर्निचर, रंगीत भिंती, संगणक हे सारे त्यानंतरचे.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. परीक्षेसाठी हे सिद्धांत आम्ही सर्वांनी पाठ केले होते. त्यातील चौथ्याचा अर्थ मला त्या मधल्या सुट्टीत कळला, कारण शाळेतील वाचकाचा वेळ खरोखरच घंटेने मोजलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांत त्याला आत येऊन, शोधून, निवडून, नोंद करून बाहेर पडायचे असते. ज्या व्यवस्थेत प्रत्येक पुस्तकासाठी ग्रंथपालाची आठवण आणि ग्रंथपालाची किल्ली लागते, ती व्यवस्था या वेळात एका वेळी एकाच मुलाला पुस्तक देऊ शकते.

विषयवार मांडणीसाठी नवे काही शोधावे लागत नाही. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभरच्या असंख्य ग्रंथालयांत ती वापरली जाते. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग आणि त्या भागांचे पुन्हा दहा, अशी तिची रचना आहे. ५०० म्हणजे विज्ञान, त्यात ५९० प्राणी, ५९७ मध्ये मासे, उभयचर आणि सरपटणारे प्राणी, आणि ५९७.९६ म्हणजे साप. शाळेच्या ग्रंथालयात एवढ्या खोलात सर्वत्र जाण्याची गरज नसते. माझ्या अनुभवात तीन अंक पुरतात. ज्या विषयाची पुस्तके एका फळीत मावेनाशी होतात, तेवढ्याच ठिकाणी दशांश चिन्हापुढे जावे. प्रत्येक पुस्तकाला सहा-सात अंकी वर्गांक देऊन कण्यावर चिकटवणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला तो आकडा वाचून पुस्तक जागेवर ठेवता येत नसेल, तर ते कष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत.

वर्गीकरणात मुलाच्या मनाचा आणि शास्त्राचा मेळ बसत नाही अशा जागा येतात, आणि तेथे ग्रंथपालाचे खरे कौशल्य लागते. डायनोसॉरची पुस्तके ड्युईच्या पद्धतीत ५६७.९ मध्ये, जीवाश्मांच्या शेजारी जातात. मगरी आणि सरडे ५९७.९ मध्ये. दोन्ही शोधणारा मुलगा बहुधा एकच असतो. चंद्राचे पुस्तक खगोलशास्त्रात ५२३.३ मध्ये आणि चंद्रावर गेलेल्या यानाचे पुस्तक अभियांत्रिकीत ६२९.४ मध्ये. अशा वेळी पद्धत मोडून पुस्तके एकत्र करण्यापेक्षा मी फळीवर लाकडाचा पुस्तकाएवढा ठोकळा उभा करत असे आणि त्याच्या दर्शनी बाजूला लिहीत असे, "डायनोसॉर हवे आहेत? ५६७ कडे जा." मुले त्या ठोकळ्यांच्या मागोमाग एका कपाटातून दुसऱ्या कपाटाकडे जात आणि वाटेत तिसरेच काही उचलत.

कथा-कादंबऱ्यांना आकड्यांची गरज नाही. त्या वेगळ्या काढाव्यात आणि लेखकाच्या आडनावाच्या क्रमाने लावाव्यात. लोककथा आणि परीकथा ड्युईत ३९८.२ मध्ये, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या वर्गात पडतात. लहान मुलांसाठी त्या कथांच्या शेजारी आणून ठेवण्यात काही बिघडत नाही. मात्र देवनागरी वर्णक्रम वाटतो तितका सरळ नाही, हे या कामाला हात घातला की लगेच कळते. टोपणनावाने लिहिणाऱ्याला टोपणनावाखाली ठेवायचे की मूळ नावाखाली? 'क्ष' 'क'च्या पोटात घ्यायचा की वर्णमालेच्या शेवटी? अनुवादित पुस्तक मूळ लेखकाखाली लावायचे की अनुवादकाखाली? यातील प्रत्येक प्रश्नाला दोन समर्थनीय उत्तरे आहेत आणि त्यांपैकी कोणते निवडले यापेक्षा निवडलेले पाळले जाते की नाही, याला महत्त्व आहे.

म्हणूनच मी एक निर्णयवही ठेवली होती. साधी रेघांची वही. तिच्यात फक्त असे निर्णय लिहायचे: तारीख, प्रश्न, काय ठरवले आणि का. कोड्यांची पुस्तके ७९३ मध्ये, म्हणजे खेळ-करमणुकीत, गणितात नव्हे. एका व्यक्तीचे चरित्र चरित्रांत, चरित्रनायकाच्या आडनावाने, लेखकाच्या नव्हे. ग्रंथपाल रजेवर जातो, बदलतो, निवृत्त होतो. त्याच्या जागी येणारा आपल्या समजुतीने पुस्तके लावू लागतो आणि दोन वर्षांत एकाच लेखकाची पुस्तके तीन ठिकाणी उभी राहतात. चार-पाच पानांची ही वही तो गोंधळ टाळते. माझ्या पाहण्यात बहुतेक ग्रंथालये अव्यवस्थित होतात ती आळसामुळे नव्हे, तर आधीच्या माणसाने काय ठरवले होते हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे.

आता कण्याकडे येते. मध्ययुगीन युरोपात काही ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधलेली असत; इंग्लंडमधील हेरफर्ड येथील चर्चचे असे साखळबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळते. साखळी पुठ्ठ्याच्या उघडणाऱ्या बाजूला जोडलेली असल्यामुळे तेथे पुस्तकाचा कणा आत आणि पानांची कड बाहेर ठेवावी लागते. पुस्तक बांधून ठेवायचे म्हटले की त्याने वाचकाकडे पाठ फिरवलीच, असे ते चित्र पाहिल्यापासून मला वाटत आले आहे. आपल्या शाळांतली काचेची कुलूपबंद कपाटे पुस्तकाचा कणा तरी दाखवतात. पण त्या कण्यावर मुलाला वाचता येईल असे काही नसेल, तर त्या दाखवण्याचा उपयोग थोडाच.

बोधांकाची, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणाऱ्या आकड्याची, चिठ्ठी सर्व पुस्तकांवर तळापासून सारख्याच उंचीवर लावावी. दोन बोटे उंचीची खूण केलेला पुठ्ठ्याचा तुकडा हाताशी ठेवला की काम सरळ होते आणि फळीवरचे आकडे एका रेषेत येतात. ओळीतून एखादे पुस्तक चुकले असेल तर ते लांबूनच दिसते. अक्षर मोठे, ठळक आणि काळे असावे, म्हणजे कमी दिसणाऱ्या मुलालाही ते वाचता येते. परंतु लहान मुलांच्या ग्रंथालयात एक अडचण नेहमी येते, ती म्हणजे पुष्कळशा पुस्तकांना कणाच नसतो. सोळा किंवा चोवीस पानांची, मध्ये पिना मारलेली ही पुस्तके फळीत उभी केली की वाकतात, एकमेकांत शिरतात आणि दिसेनाशी होतात. त्यांना फळीत कोंबू नये. उघड्या खोक्यांत, मुखपृष्ठ समोर करून, पत्त्यांसारखी चाळता येतील अशी ती ठेवावीत, आणि चिठ्ठी मुखपृष्ठाच्या एका ठरावीक कोपऱ्यात लावावी. खोक्यावर आकड्याऐवजी चित्र चालते. हत्तीचे चित्र असलेल्या खोक्यातले पुस्तक वाचून झाल्यावर त्याच खोक्यात टाकायचे असते, हे पहिलीतल्या मुलाला एकदा सांगितले की पुरते.

उंचीचा विचार आपण फारच कमी करतो. सहा-सात वर्षांचे मूल साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर उंच असते आणि त्याची नजर त्याहून खाली असते. मोठ्यांसाठी बनवलेल्या कपाटाच्या वरच्या दोन फळ्या त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. एकदा मी गुडघ्यांवर बसून ग्रंथालयाच्या दारातून आत पाहिले, तेव्हा मला टेबलांचे पाय, कपाटांचे तळ आणि सर्वांत खालच्या फळीवर लावलेले जाडजूड कोश दिसले. कथांची पुस्तके माझ्या डोक्यावर कोठेतरी होती. दुसऱ्या दिवशी कोश वर गेले आणि कथा खाली आल्या. त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. शक्य असेल तेथे लहान मुलांचा विभाग छातीएवढ्या उंचीच्या फळ्यांवर करावा, फळी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशच भरावी आणि उरलेल्या जागेत एक-दोन पुस्तके मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवावीत. ठासून भरलेल्या फळीतून पुस्तक ओढायला ताकद लागते, ओढताना कण्याचे वरचे टोक फाटते, आणि काढलेले पुस्तक परत आत जात नाही म्हणून मूल ते आडवे टाकून जाते. कपाटांमधली वाट चाकांची खुर्ची सहज वळेल इतकी रुंद असावी. ऊन थेट पुस्तकांवर पडू नये आणि कपाट ओलसर भिंतीला चिकटू नये, हे सांगायला नकोच.

फळ्या रिकाम्या कशा करायच्या, हा प्रश्न येथे उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेकांना नकोसे असते. पुस्तके बाद करावी लागतात. आपल्याकडे पुस्तकाविषयी जी पूज्यबुद्धी आहे तिचा मी आदर करते, पण सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारे पुस्तक विज्ञानाच्या फळीवर ठेवणे हा मुलावर अन्याय आहे. प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय २००६ साली झाला. सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाला, तरी तो अखंड दाखवणारे नकाशासंग्रह काही शाळांच्या कपाटांत अजून सापडतील. मुलाला छापील शब्द खरा वाटतो, आणि ग्रंथालयाने दिलेला तर अधिकच. विज्ञान, भूगोल, आरोग्य आणि संगणक या विषयांची पुस्तके दरवर्षी चाळून पाहावीत. कथा-कवितांना हा नियम लागू नाही. चांगली कथा जुनी झाली म्हणून टाकायची नसते, तिची प्रत जीर्ण झाली असेल तर नवी आणायची असते. फाटलेले, बुरशी आलेले, मजकूर कालबाह्य झालेले आणि अनेक वर्षांत एकदाही बाहेर न गेलेले असे चार ढीग करावेत. पहिल्या तिघांचे निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणे, रीतसर मंजुरी घेऊन आणि नोंदवहीत शेरा मारून करावे. चौथ्या ढिगाला मात्र आधी एक संधी द्यावी. त्यातली पुस्तके दर्शनी टेबलावर महिनाभर मांडून पाहावीत, कारण पुष्कळदा पुस्तक वाईट नसते, तर त्याची जागा वाईट असते.

जीर्ण पुस्तकांची डागडुजी हा स्वतंत्र विषय आहे. एवढेच सांगते की सेलोटेप वापरू नये. मी वापरली होती. काही वर्षांनी तिचा गोंद कागदात उतरून पिवळे डाग पडले, वरची पट्टी सुटून आली आणि फाटलेले पान पूर्वीपेक्षा वाईट झाले. पातळ कागदाची पट्टी आणि पिठाची खळ यांनी केलेले काम संथ असते, पण टिकते.

व्यवस्थेत माझ्या हातून झालेली याहून मोठी चूक सांगितली पाहिजे, कारण ती आजही अनेक ठिकाणी होताना दिसते. मुलांना आपल्या कुवतीचे पुस्तक पटकन मिळावे म्हणून मी कण्यांवर रंगीत ठिपके लावले. हिरवा सर्वांत सोपा, मग पिवळा, मग लाल. काही दिवसांनी सहावीतला एक मुलगा एका मोठ्या लाल ठिपक्याच्या पुस्तकात हिरव्या ठिपक्याचे पातळ पुस्तक लपवून वाचताना मला दिसला. मी जवळ गेले तसे त्याने दोन्ही मिटले. त्याला वाचायला जे येत होते ते उघडपणे वाचण्याची सोय मी माझ्या सुबक रंगांनी काढून घेतली होती. त्या आठवड्यात सगळे ठिपके खरवडून काढले. पुस्तकाची काठिण्यपातळी ग्रंथपालाच्या नोंदीत जरूर असावी, म्हणजे त्याला योग्य पुस्तक सुचवता येते. ती पुस्तकाच्या कण्यावर, चारचौघांना दिसेल अशी नसावी. मुलाला स्वतःला अजमावण्यासाठी एक सोपी रीत आहे: मधले कोणतेही पान उघडून वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, आणि पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक काही दिवसांनी घ्यावे. हे त्याचे त्याला कळते, दुसऱ्या कोणाला कळत नाही.

पुस्तके उघड्यावर ठेवली की ती चुकीच्या जागी जातात, ही तक्रार खरी आहे. त्यावर दोन उपाय मला उपयोगी पडले. एक म्हणजे प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याची एक लांब पट्टी, तिच्यावर त्याचे नाव. पुस्तक पाहायला काढले की त्या फटीत पट्टी सरकवायची. पुस्तक नको असेल तर पट्टीच्या जागी परत ठेवायचे. दुसरा म्हणजे परत आलेल्या पुस्तकांचे टेबल. घरून आलेली पुस्तके थेट फळीवर न जाता दिवसभर त्या टेबलावर राहतात. मुलांची सर्वांत जास्त गर्दी याच टेबलाभोवती होते, कारण दुसऱ्या कोणीतरी नुकतेच वाचलेले पुस्तक हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. कित्येक पुस्तके फळीवर न जाताच पुन्हा बाहेर जात. जी उरत ती सातवी-आठवीचे विद्यार्थी-मदतनीस संध्याकाळी लावत, आणि या मदतनिसांत मी हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांइतकीच वर्गात गप्प बसणारी मुलेही मुद्दाम घेत असे. आकड्यांच्या क्रमाची त्यांची नजर माझ्याहून तीक्ष्ण होत गेली.

ग्रंथालय आकर्षक करायचे म्हणजे भिंतीवर सुविचार लावायचे, असा एक समज आहे. भिंतीवरच्या वाक्यांनी कोणी पुस्तक उचललेले मी पाहिले नाही. उचलले जाते ते प्रश्नाने. छोट्या फळ्यावर "रात्री झाडे काय करतात?" असा एकच प्रश्न लिहून त्याच्याखाली विज्ञानाचे, कवितेचे आणि कथेचे मिळून पाच पुस्तकांचे प्रदर्शन मांडावे. ते आठवडाभरच ठेवावे. महिनाभर राहिलेले प्रदर्शन भिंतीचा भाग होऊन जाते. ग्रंथालयाच्या तासिकेला सुरुवातीची दोन मिनिटे एका पुस्तकाचे पहिले पान मोठ्याने वाचावे आणि गोष्ट रंगात आली की थांबावे. त्या पुस्तकाच्या एकाहून अधिक प्रती असतील तरच असे करावे, नाहीतर एकाला मिळते आणि तीस मुले हिरमुसतात. ज्या मुलाने पुस्तक वाचले त्याने दोन ओळींची चिठ्ठी पुढच्या वाचकासाठी आत ठेवावी, अशी सवय लावता येते. ती सक्तीची नसावी. प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून आणल्याशिवाय दुसरे पुस्तक द्यायचे नाही, हा नियम मी काही ग्रंथालयांत पाहिला आहे, आणि तो करणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्याचा परिणाम एवढाच होतो की मुले पातळ पुस्तके निवडतात.

नोंदी कशाच्या ठेवाव्यात, याचाही विचार व्हावा. देवघेवीची नोंद सगळे ठेवतात. त्याबरोबर न मिळालेल्या पुस्तकांची एक वही ठेवावी: मुलाने काय मागितले आणि आपण काय देऊ शकलो नाही. खरेदीची वेळ आली की प्रकाशकांच्या याद्यांआधी ही वही उघडावी. माझ्या वहीत एका वर्षी क्रिकेट सोडून इतर खेळांची मागणी इतक्यांदा आली होती की मी चकित झाले. ७९६ या वर्गात आमच्याकडे क्रिकेटशिवाय काही नव्हतेच. शिक्षकांनाही महिनाभर आधी विचारावे की पुढे कोणता पाठ येणार आहे, म्हणजे त्या विषयाची आठ-दहा पुस्तके वर्गात पोहोचवता येतात. संगणक असेल तर उत्तमच. कोहासारखे ग्रंथालयाचे मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून वापरात आहे आणि ते वापरायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. पण संगणकात जाणारी नोंद आधी कागदावर शुद्ध असली पाहिजे. चुकीच्या वर्गांकाचे पुस्तक संगणकात गेले तर ते जास्त वेगाने हरवते.

शेवटचा मुद्दा मुख्याध्यापकांसाठी आणि संस्थाचालकांसाठी आहे. वर लिहिलेले सारे ग्रंथपाल करू शकतो, पण एका भीतीपुढे त्याचे हात बांधले जातात. पुस्तक हरवले तर आपल्याला जाब द्यावा लागेल, कदाचित पदरचे भरावे लागेल, ही ती भीती. मला एकदा एका तपासणीत, एकही पुस्तक हरवले नाही म्हणून शाबासकी मिळाली होती. त्या वर्षी आमची कपाटे जवळजवळ बंदच होती. वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयातून थोडी पुस्तके हरवणार, काही फाटणार, काहींवर शाई सांडणार. या मर्यादित हानीला संस्थेने लेखी मान्यता द्यावी आणि तपासणीत हरवलेल्या पुस्तकांच्या शेजारी, किती पुस्तके बाहेर गेली हाही आकडा विचारावा. तसेच पुस्तक हरवणाऱ्या मुलाचे ग्रंथालय बंद करू नये. इफ्ला (ग्रंथालय संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या शालेय ग्रंथालयांविषयीच्या १९९९ च्या जाहीरनाम्यात शाळेतील सर्वांना ही सेवा समानतेने मिळाली पाहिजे असे म्हटले आहे, आणि ज्याच्या घरी दुसरे एकही पुस्तक नाही अशा मुलाचे ग्रंथालय बंद करणे ही दंडापेक्षा फार मोठी शिक्षा आहे. वेळापत्रकातील ग्रंथालयाची तासिका इतर विषयांच्या उरलेल्या पाठांसाठी घेतली जाऊ नये, आणि ग्रंथालय शाळा भरण्याआधी व मधल्या सुट्टीत उघडे असावे, म्हणजे ग्रंथपालाच्या जेवणाची वेळ वेगळी ठरवावी लागेल, हेही वेळापत्रक करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

ज्या ग्रंथपालांना हे सारे एकदम करणे अवघड वाटते, त्यांना मी एकाच कपाटापासून सुरुवात करायला सांगेन. मुले सर्वांत जास्त मागतात तो विषय निवडावा, बहुधा तो प्राण्यांचा असतो. सगळ्या कपाटांतून त्या विषयाची पुस्तके गोळा करावीत, जुनी बाजूला काढावीत, तीन अंकी चिठ्ठ्या लावाव्यात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर ती मांडावीत आणि मदतीला चार विद्यार्थी घ्यावेत. एवढ्या कामाला दोन दुपारी पुरतात. मग त्या कपाटाचे कुलूप काढून किल्लीसकट कार्यालयात जमा करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल